एका मीटरला एक सेंटिमीटर

१४ मे, बुधवार

खोटं आहे ते यान! साफ खोटं.

काल माझ्या मुलाने, उत्कर्षने, रजा काढून मला स्पायरला नेलं. "बाबा, येऊन चार दिवस झाले, घरातच बसलाय," म्हणाला. त्याच्या घरापासून, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनपासून, अर्ध्या तासावर. तिथल्या म्युझियममध्ये रशियाचं बुरान ठेवलंय — अंतराळात न गेलेलं, पण हवेत उडवून पारखलेलं खरं यान. छत्तीस मीटर! मी पोटाखाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत होतो. साताऱ्याच्या फाउंड्रीत चौतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले, त्यांच्या साच्यात लोखंड ओतलं गेलं. पण असा आकार पाहिला नव्हता. एक रेघ फुकट नाही.

आणि आज अन्वी शाळेतून आली, कपाटातून एक प्लास्टिकचं यान काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "आजोबा, बुरान!" पुढे जर्मनमध्ये बरंच काही. माझ्या नातीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. माझ्या सुनेने, वल्लरीने, अर्थ सांगितला — तीन जुलैला वर्गाची सहल त्याच म्युझियमला आहे. आणि यान कसं असतं ते अन्वीला आधीच माहीत आहे, कारण हे आहे ना तिच्याकडे!

जुन्या बाजारातून आणलेलं खेळणं. अमेरिकेच्या शटलचं, तेही धड नाही. नाक चेपलेलं, पंख पाटासारखे जाड, मागे तीन मोठे भोंगे. बुरानला ते भोंगे नाहीतच! स्पायरच्या यानाला मागे चार जेट इंजिनं आहेत.

दुसरं मूल असतं तर सहलीत खरं बघितलं असतं आणि हे विसरलं असतं. अन्वीला जन्मापासून दिसत नाही. बोटांखाली येतं तेवढंच तिचं. खरं यान खांबांवर उभं — तिचा हात पुरून पुरून कुठवर पुरणार? म्हणजे ही दहा वर्षांची पोर जन्मभर बुरान म्हणून हे डबडं लक्षात ठेवणार.

 हात शिवशिवायला लागले.

१५ मे

खेळण्याची लांबी चौतीस सेंटिमीटर. खरं यान छत्तीस मीटर, वर थोडं. एका मीटरला एक सेंटिमीटर धरला तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढवायला हवेत. अन्वीला सांगितलं. "जा?" म्हणाली, म्हणजे 'हो?' मग मराठीत — "मी किती?"

तिची उंची मोजली. एकशे चौतीस. म्हटलं, यानाशेजारी तू साडेतेरा मिलिमीटरची. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. कितीतरी वेळ माझं नखच चाचपत बसली होती.

१७ मे, शनिवार

जेवताना वल्लरीने कागद काढले. उत्कर्षची सही हवी होती. ऑगस्टपासून अन्वी इंटरनाटमध्ये! म्हणजे बोर्डिंग. न दिसणाऱ्या मुलांची शाळा, ट्रेनने अडीच तास लांब. पंधरा दिवसांतून एकदा घरी.

मला आधी नीट कळलंच नाही. मग विचारलं, "दहा वर्षांची पोर! कल्पना कुणाची ही?"

उत्कर्ष ताटाकडे बघत राहिला. अन्वी समोरच होती, घास हातात तसाच.

वल्लरी म्हणाली, "माझी, बाबा. मीच ठरवलंय. तिच्या भल्याचं आहे."

"तिच्या की तुझ्या?"

बोलून गेलो. ती उठून पोळ्या आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

बोललो त्याचं वाईट वाटत नाही. डोळे नसलेल्या मुलीला आईचा आवाज हीच भिंत, हाच दिवा. तो काढून घ्यायचा? कशासाठी — सकाळी लवकर ऑफिस गाठता यावं म्हणून?

१९ मे

साधनाशी फोनवर बोललो. तिच्या आईचं दुखणं काढायचं म्हणून ती साताऱ्यात अडकली, नाहीतर तीही आली असती. सगळं सांगितलं. माझी बायको, निदान ती तरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. म्हणाली, "अहो, वल्लरीने दहा वर्षं काढलीत. तुम्ही जाऊन दहा दिवस झालेत. जरा दमानं घ्या."

फोन ठेवून दिला. आता सकाळचा चहा माझा मीच करतो. वल्लरीशी बोलणं कामापुरतं.

२५ मे, रविवार

तळघरात — इथे केलर म्हणतात — उत्कर्षने एक टेबल मांडून दिलंय. लाकूड पकडायला व्हाइस, दोन पटाश्या, कानशी, बारीक करवत, मऊ लिंडेनच्या लाकडाचे तुकडे. आज रविवार, म्हणून करवत बंद. रविवारी आवाज केला तर शेजारी येतात म्हणे! फक्त पॉलिश पेपर घासला.

काल यान मधोमध कापलं. अन्वी शेजारी उभी होती. प्लास्टिक तुटल्याचा आवाज झाला तसा तिने माझा सदरा धरला. पण थांबवलं नाही.

आमच्या धंद्यात पट्टीसुद्धा निराळी असायची. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा. चौतीस वर्षं मी एकही वस्तू खऱ्या मापाची केली नाही! सगळं आकसेल या हिशेबाने. आता अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आहे तेवढंच करायचंय. हात सवयीने जास्त सोडतो. पुन्हा पुन्हा मोजतो.

१ जून

मधे लाकडाचा जोड बसवला. लांबी बरोबर. मागचे तीन भोंगे उडवले. शेपटीजवळचे दोन फुगवटेही गेले, ते अमेरिकन. पंख मात्र प्लास्टिकचे ठेवून चालणार नाहीत. नवेच करायचे.

३ जून

अन्वीने कानस मागितली. "इश आउख!" — मी पण. नाही म्हटलं. कानशीने काही मोठी जखम होत नाही, पण शेजारी पटाश्या ठेवलेल्या असतात.

वल्लरी धुणं घेऊन खाली आली होती. जिन्यातूनच म्हणाली, "द्या ना बाबा तिला. स्वयंपाकघरात सुरी वापरते ती."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दहा वर्षांच्या न दिसणाऱ्या पोरीच्या हातात सुरी देणारी आई! काय बोलायचं?

१२ जून

पंख झाले. दोन दिवस घासत होतो. बसवले, लांबून पाहिले, पुन्हा जवळून पाहिले. चोख! अन्वीच्या हातात दिले. तिने दोन्ही हातांचे अंगठे वर, बोटं खाली असे पंख धरले, मुळापासून टोकापर्यंत सावकाश नेले. मग डाव्यावर थांबली.

"फाल्श."

हा शब्द मला आता येतो. चूक. म्हटलं, कुठे चूक? मी दोन दिवस घासलाय. पुन्हा हात फिरवला. "फाल्श, आजोबा. जाड."

जरा रागानेच जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. उजवा पंख टोकाजवळ एक पूर्णांक आठ. डावा दोन पूर्णांक एक. तीन दशांश मिलिमीटर! फाउंड्रीत आमच्या इन्स्पेक्टरलाही बोटांनी ते कळलं नसतं.

खुर्चीवर बसलो. म्हटलं, बरोबर आहे तुझं. ती हसली नाही. तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही.

१४ जून

कानस दिली. धरायची कशी ते दाखवलं — म्हणजे तिच्या हातांवर माझे हात ठेवले. दाब पुढे जाताना, परत येताना उचलायची. तिसऱ्या खेपेला जमलं. डावा पंख तिनेच घासून उतरवला. प्रत्येक दहा फटक्यांनी थांबून बोटाने पारखायची. असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगून सांगून थकलो होतो.

१८ जून, बुधवार

लागलं तिला. माझ्यामुळे.

इंजिनांची भोकं कोरत होतो. पटाशी टेबलाच्या कडेला ठेवून मी कपाटातून डिंक काढायला वळलो. ठेवली ती जागा तिला सांगितली नाही. हे घर आंधळ्या माणसाचं आहे, इथे वस्तू हलवली तर सांगायची — पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं! तिने हात पुढे केला आणि डाव्या हाताची तर्जनी पात्यावर. फार ओरडली नाही. "आ" एवढंच.

डाव्या तर्जनीनेच ती वाचते.

वल्लरी घरूनच काम करत होती. आली, बोट नळाखाली धरलं, दाबून बसली. मी नुसता उभा. म्हणालो, "आजपासून बंद. खाली येऊच द्यायची नाही तिला."

वल्लरीने वर न बघता म्हटलं, "नको बाबा. बोट बरं होईल. तिला थांबवू नका."

रक्त थांबलं नव्हतं अजून! आवाज असा शांत, जणू भांडं निसटलं हातातून. कोणत्या काळजाची बाई आहे ही?

१९ जून

अन्वी उजव्या हाताने वाचायला बघतेय. एक ओळ, मग थांबते. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

२४ जून

बोटावर खपली धरली. आज स्वतःच खाली आली. मी आता काहीही ठेवलं की मोठ्याने सांगतो — "पटाशी डावीकडे, पातं पलीकडे. कानस मधे." "गेनाऊ," म्हणते, म्हणजे अगदी बरोबर. अगदी मुकादम!

२९ जून, रविवार

नदीकाठी दोरी घेऊन गेलो. छत्तीस मीटर मोजून दोन टोकांना दोन काठ्या रोवल्या. मी यान हातात धरलं, नाक तिच्या बोटाखाली, आणि म्हटलं, आता हे चालायचं.

दोरी धरून निघाली. पावलं मोजत. यानावर तिचं बोट मी सरकवत होतो — इथे केबिन संपली. इथे पंख सुरू. पंखाच्या टोकाला जायला बाजूला अठरा पावलं — तेही चालून आलो. एक पिकनिकला आलेलं कुटुंब खाणं थांबवून बघत होतं. शेपटीशी पोहोचली तेव्हा पंचावन्न पावलं झाली होती. तिथेच उभी राहिली. काठीवर हात ठेवून. मग पुन्हा नाकापर्यंत चालत गेली, या वेळी दोरी न धरता.

 घरी दारात म्हणाली, "आजोबा, ते खूप मोठं."

हो गं, म्हटलं. तेच तर.

३ जुलै, गुरुवार

सहल. अन्वीबरोबर मोठं माणूस हवं, म्हणून शाळेच्या बाईंनी मला चालवून घेतलं. यान अजून रंगवलेलं नाही, तसंच पिशवीत नेलं.

तिथल्या एका बाईंनी जिन्यावरून एका ठिकाणी हात लावू दिला. अन्वीने तळवा टेकवला. मग हाताची मागची बाजू. मग नखं. माझ्याकडे वळून म्हणाली, "गुळगुळीत नाही." खरंच की! अंगभर फरशीसारखे तुकडे बसवलेले, मधे बारीक फटी. मला दुरून दिसलं होतं, पण मी मॉडेल गुळगुळीत घासलं. डोळ्यांना फटी म्हणजे नुसत्या रेघा वाटतात.

मग वर्गातली मुलं जमली. अन्वीने मांडीवर मॉडेल घेतलं आणि त्यांना समजावून सांगू लागली. काय सांगत होती कळलं नाही, पण आवाज ऐकला मी! पोरं गप्प. एकेकाचा हात धरून पंखावर ठेवत होती. पाच मिनिटं माझी नात त्या सगळ्यांची मास्तरीण होती.

पाचच. मग कुणीतरी ओरडलं, बाहेर मोठ्या विमानाला घसरगुंडी आहे म्हणून. क्षणात सगळी पसार. अन्वी बाकावर मॉडेल घेऊन बसून राहिली. "ते येणार," म्हणाली मला. जणू माझीच समजूत काढत होती.

अर्धा तास कुणी आलं नाही. डबा आम्ही दोघांनीच खाल्ला.

आणि या मुलीला अनोळखी लोकांत टाकणार! इथे ओळखीची मुलंसुद्धा थांबत नाहीत, तिथे कोण विचारणार तिला?

१३ जुलै, रविवार

उत्कर्षला घेऊन फिरायला गेलो, मुद्दाम. म्हणालो, तू बाप आहेस, तू का गप्प? वल्लरी म्हणेल ते सगळं?

तो चालत राहिला. "बाबा, तुम्हाला सगळं माहीत नाही."

"मग सांग."

"नाही सांगू शकत. शब्द दिलाय." आणि पुढे, जरा थांबून, "वल्लरीला इतकं लागेल असं बोलू नका. प्लीज."

बायकोची बाजू घेतोय. घेऊ दे. लहानपणी दप्तर हरवलं तेव्हाही असंच पायाकडे बघत चालला होता.

२० जुलै

सुट्टी लागल्यापासून अन्वी दिवसभर खाली. फटी कोरतोय. सुईने, पट्टी धरून. तुकडे मोजून खरे करणं शक्य नाही, हजारो आहेत. पण जिथे हात लावला होता तिथलं तिने बोटात साठवून आणलंय — केवढं अंतर, कोपरे कसे. ती सांगते, मी कोरतो. सोळा वेळा "फाल्श". मोजले!

लाकडाची साडेतेरा मिलिमीटरची अन्वीही केली. वेणीसकट. चाकाशेजारी उभी केली.

२७ जुलै, रविवार

झालं. छत्तीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर. पंखांचा पसारा चोवीसला जेमतेम कमी. चार इंजिनं. अन्वीने नाकापासून शेपटीपर्यंत हात नेला, परत आणला.  एकदाही "फाल्श" आलं नाही. खाली ठेवलं आणि माझे हात चाचपायला लागली — एकेक बोट, पेरं, जुने वण. जसं काय तेही मापून ठेवायचेत.

संध्याकाळी पाणी प्यायला गेलो तर बैठकीत वल्लरी. मॉडेल समोर, डोळे मिटलेले, दोन्ही हात पंखांवर. चेहरा ओला. मला पाहिलं नाही तिने. मी पाणी न पिताच मागे फिरलो.

वाईट वाटत असेल तर पाठवतेस कशाला, बाई!

१ ऑगस्ट

अन्वीच्या कपड्यांवर नाव शिवायचं काम चाललंय. मोज्यांवरसुद्धा. वल्लरीने मदत मागितली नाही, मी केली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

परवा माझं परतीचं विमान. दुपारी अन्वीला म्हणालो, मी आज तुझ्या आईशी शेवटचं बोलतो. नको पाठवूस म्हणतो. तू घाबरू नकोस.

ती गोंधळली. जर्मनमध्ये सुरू झाली, मला कळत नाही हे आठवून थांबली. मग एकेक शब्द शोधत मराठीत —

"मम्मा नाही, आजोबा. मी. मी म्हणाली, मला जायचंय. तिथे सगळे बोटांनी वाचतात. तिथे मला सोडून कोणी पळत नाही. मम्मा नको म्हणाली. खूप दिवस नको. रडली पण. मग हो म्हणाली."

"मग त्या दिवशी जेवताना ती 'माझी कल्पना' का म्हणाली?"

"मी सांगितलं होतं. आजोबांना सांगू नको. त्यांना वाटेल, मला घर आवडत नाही."

अकरा आठवडे! अकरा आठवडे मी माझ्या सुनेने वाढलेलं मान वर न करता खाल्लं.

वल्लरी सहाला येते. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत.